आभासी वास्तव, व्यायाम आणि वृद्धांची स्मृती : काही दाव्यांची चिकित्सा

प्रस्तावना

उतारवयातील बोधनिक ऱ्हास थोपविण्यासाठी संगणकनिर्मित दृश्ये, शारीरिक व्यायाम आणि मेंदूचे प्रशिक्षण यांची सांगड घालणारे अनेक प्रयोग गेल्या दोन दशकांत झाले आहेत. वृत्तपत्रीय लेखनात आणि जाहिरातींत त्यांचा उल्लेख अनेकदा स्मृतिभ्रंशावरील उपाय म्हणून केला जातो. हा उल्लेख कितपत साधार आहे, हे दोन महत्त्वाच्या अभ्यासांच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सायबरसायकलचा अभ्यास

के अँडरसन-हॅन्ली आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतील अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. निवृत्तांच्या आठ वसाहतींमधील १०२ वृद्धांनी त्यासाठी नावे नोंदविली. त्यांपैकी ७९ जणांची दोन गटांत विभागणी झाली आणि ६३ जणांनी तीन महिन्यांचा कार्यक्रम पूर्ण केला. एका गटाने व्यायामाची साधी स्थिर सायकल चालविली. दुसऱ्या गटाच्या सायकलला पडदा जोडलेला होता व त्यावर दिसणाऱ्या मार्गांवरून स्वार 'प्रवास' करीत असे. दोन्ही गटांचे शारीरिक श्रम साधारण सारखेच होते. तरीही नियोजन करणे, लक्ष वळविणे आणि चुकीचा प्रतिसाद आवरणे या कार्यकारी क्षमतांत दुसरा गट सरस ठरला. सौम्य बोधनिक क्षीणतेकडे होणारी वाटचालही या गटात २३ टक्क्यांनी कमी आढळली.

या अभ्यासाचे खरे बळ त्याच्या तुलनेत आहे. न्यायदर्शनात 'सव्यभिचार' नावाचा एक हेत्वाभास सांगितला आहे. जो हेतू साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळतो, त्याच्या आधारे साध्य सिद्ध होत नाही. यंत्र वापरल्यावर वृद्धांच्या चाचणीतील गुण वाढले, म्हणून यंत्र गुणकारी, हा युक्तिवाद याच जातीचा आहे. कारण गुण केवळ व्यायामाने, सोबतीने किंवा तीच चाचणी पुन्हा दिल्यानेही वाढू शकतात. दुसऱ्या गटालाही तेवढाच व्यायाम देऊन संशोधकांनी हा दोष बऱ्याच अंशी टाळला. यंत्राविषयीच्या कोणत्याही दाव्याची परीक्षा करताना तुलना कोणाशी केली, हा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारला पाहिजे.

मर्यादा मात्र दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. ६३ जणांचे दोन गट केल्यावर प्रत्येक गटात जेमतेम तिसेक व्यक्ती उरतात. अशा संख्येत मोजक्या व्यक्तींच्या फरकानेही टक्केवारी बदलते. तीन महिन्यांचा काळही वर्षानुवर्षे चालणाऱ्या ऱ्हासाविषयी अंतिम विधान करण्यास अपुरा आहे. शिवाय विभागणी झाल्यावर १६ जण मध्येच थांबले. संशोधकांनी विश्लेषणात ही गळती विचारात घेतली असली, तरी व्यवहारात तिचा प्रश्न उरतोच. सत्राची वेळ विसरणे, सूचना न समजणे ही ऱ्हासाचीच लक्षणे असू शकतात. शेवटपर्यंत टिकणाऱ्यांना झालेला लाभ ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्यांनाही होईल, असे गृहीत धरता येत नाही.

मापन कशाचे, दावा कशाचा?

दुसरा अभ्यास अनत मिरेलमन आणि सहकाऱ्यांचा (२०१६). पाच देशांत झालेल्या या अभ्यासात ६० ते ९० वयाच्या, वारंवार पडणाऱ्या ३०२ व्यक्ती होत्या. त्यांत सौम्य बोधनिक क्षीणता आणि पार्किन्सनचा आजार असलेल्यांचाही समावेश होता. आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे, एक गट ट्रेडमिलवर चालला. दुसऱ्या गटातील व्यक्तींना चालताना समोरच्या पडद्यावर स्वतःच्या पावलांची हालचाल दिसे आणि तेथील अडथळे ओलांडावे लागत. पुढील सहा महिन्यांत या दुसऱ्या गटात पडण्याचे प्रमाण पहिल्या गटापेक्षा लक्षणीयरीत्या कमी राहिले. वृद्धापकाळी एक पडणे उरलेले आयुष्य अंथरुणाला खिळवू शकते, हे ध्यानात घेता हा निष्कर्ष मोलाचा आहे. परंतु येथे प्रामुख्याने मोजले गेले ते पडणे, स्मृती नव्हे. असा अभ्यास स्मृतिभ्रंशाच्या प्रतिबंधाचा पुरावा म्हणून मांडणे योग्य नव्हे.

'आभासी वास्तव' ही संज्ञाही तपासून घेण्यासारखी आहे. या दोन्ही अभ्यासांत डोळ्यांवर चढविण्याचा हेडसेट नव्हता, केवळ पडदा होता. त्यांचे निष्कर्ष हेडसेटच्या विक्रीसाठी आधार म्हणून वापरणे म्हणजे एका साधनाचे श्रेय दुसऱ्यास देणे होय. मोजमाप आणि दावा यांतील अंतराची किंमत कशी मोजावी लागते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. ल्युमॉसिटी हे मेंदूच्या खेळांचे उत्पादन विकणाऱ्या कंपनीवर, आपले खेळ वार्धक्यातील बोधनिक ऱ्हासापासून संरक्षण देतात असा निराधार प्रचार केल्याचा आरोप तेथील संघीय व्यापार आयोगाने ठेवला. जानेवारी २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरून कंपनीने हे प्रकरण मिटविले.

आपल्या संदर्भात

असे प्रयोग महाराष्ट्रात करताना यंत्राआधी चाचणीचा विचार करावा लागेल. सायबरसायकलच्या अभ्यासातील स्ट्रूप चाचणीत रंगांची छापील नावे वाचणे गृहीत आहे. ज्या आजींना शाळेचे तोंड पाहता आले नाही, त्यांचे या चाचणीतील अपयश स्मृतीचे नसून संधीच्या अभावाचे असेल. मानसशास्त्र, शारीरिक शिक्षण आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन संशोधन हाती घ्यावयाचे, तर निरक्षर वृद्धांनाही न्याय देणारी चाचणी सिद्ध करणे हे पहिले काम ठरते.

समारोप

शरीराला श्रम आणि त्याच वेळी मनाला काम दिल्यास काही वृद्धांना लाभ होतो, इतके या दोन अभ्यासांवरून म्हणता येते. तो लाभ छोटा असला तरी खरा आहे, आणि म्हणूनच तो फुगवून सांगण्याची गरज नाही. स्वतःची स्मृती निसटताना पाहणारी व्यक्ती आणि तिचे कुटुंबीय कोणत्याही आश्वासनावर चटकन विश्वास ठेवतात. त्यांच्यासमोर पुराव्याइतकेच बोलणे, हे संशोधक आणि अध्यापक या दोघांचेही कर्तव्य आहे.