पाठमोरा मास्तर

'कंडक्टर' हा शब्द ऐकला की मराठी माणसाचा हात आपोआप सुट्या पैशांकडे जातो. त्यामुळे "गेले पंधरा दिवस मी कंडक्टर लोकांचा अभ्यास करतोय," असं मी शेजारच्या नानांना सांगितलं, तेव्हा "स्वारगेटचे की शिवाजीनगरचे?" एवढंच त्यांनी विचारलं. "हार्वर्ड विद्यापीठाचे," म्हटल्यावर ते जरा वेळ गप्प बसले. विद्यापीठाची स्वतःची बससेवा असते, ही बातमी त्यांना नवीन होती.

मी म्हणतो तो कंडक्टर हातात एक बारीक काडी घेऊन उभा असतो. समोर साठ-सत्तर वाजवणारे नाहीतर गाणारे, आणि पाठीमागे तिकीट काढून आलेले श्रोते. आपल्याकडे कीर्तनकार बुवा एक वेळ झांजकऱ्याकडे रागानं बघतील, पण श्रोत्यांकडे पाठ करून उभे राहणार नाहीत. दक्षिणेचं ताट कुठल्या बाजूनं येतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. इथे मात्र सगळ्या मैफिलीत जो एकटा माणूस काहीच वाजवत नाही, तोच सर्वांत जास्त टाळ्या घेऊन जातो. त्याचं खरं काम आदल्या तालमींत झालेलं असतं. आपण बघतो ती नुसती हजेरी.

बर्लिन-व्हिएन्नाच्या बड्या कंडक्टरांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे बसलेले वादक पगारी असतात, तीस-तीस वर्षं त्याच खुर्चीत बसतात आणि कंडक्टर आजारी पडला तरी बहुधा वेळेवर सुरू करून वेळेवर संपवतील. मला कुतूहल आहे ते विद्यापीठातल्या कंडक्टरचं. आणि इथे नानांचा गैरसमज माझ्या फार उपयोगी पडला. कारण हा माणूस खरोखरच एस.टी.च्या कंडक्टरसारखा असतो. सप्टेंबरात चढलेलं पोरगं चार वर्षांनी मे महिन्यात उतरतं, तेही नेमकं नीट बसायला शिकल्यावर! दर वर्षी पाव गाडी रिकामी होते. ओबो, म्हणजे आपल्या सनईची परदेशातली चुलतबहीण, सुरेख वाजवणारी मुलगी पदवी घेऊन निघून जाते आणि तिच्या जागी जो येतो त्याला 'फुंक कुठून मारायची' इथपासून शिकवावं लागतं. मास्तरांची बेल तीच, गाडी तीच, उतारू नवे.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात तर याहून वाईट अवस्था. तिथल्या गायकवृंदात विद्यापीठातले तरुण असतातच, पण वरच्या पट्टीसाठी सोळा लहान मुलगे असतात. हे मुलगे पदवी घेऊन जात नाहीत. त्यांचा आवाज फुटतो. काल ज्याच्या गळ्यात काचेची घंटा होती त्याच्या गळ्यात आज बेडूक बसलेला. याविरुद्ध कुलगुरूंकडेही दाद मागता येत नाही.

तिथे दर वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी एक उपासना होते. १९१८ साली ती सुरू झाली आणि १९२८ साली प्रथम रेडिओवरून ऐकू गेली. पहिलं कडवं एकच मुलगा म्हणतो, साथीशिवाय, गच्च भरलेल्या आणि चिडीचूप चॅपेलमध्ये. स्टीव्हन क्लिओबरी १९८२ ते २०१९ अशी सदतीस वर्षं तिथे होते. कोणता मुलगा गाणार हे ते अगदी गायच्या क्षणी ठरवत. दोन-तीन मुलगे तयार, आणि आयत्या वेळी एकाकडे बोट. आपल्या स्नेहसंमेलनात स्वागतगीताचा मुलगा महिनाभर आधी जाहीर होतो. मग आई त्याला रोज हळदीचं दूध पाजते, मामा कुर्ता शिवून आणतो, आजी दृष्ट काढते आणि ऐन वेळी पोराचा आवाज बसतो. क्लिओबरींनी भीतीला दारातच अडवलं: तिला यायला वेळच दिला नाही. या एका बोटासाठी मी त्यांना शंभरपैकी नव्वद गुण देतो.

पण सगळेच कंडक्टर भीतीला बाहेर ठेवत नाहीत. काहीजण तिला मानधन देऊन आत बसवतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या बँडवर १९३५ ते १९७१ विल्यम रेव्हेली नावाच्या गृहस्थांची सत्ता होती. बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला नव्हे. शंभराच्या आसपास फुंकवाद्यं आणि त्यांच्या मागे ढोलताशे. एक सूर जरा खाली आला की रेव्हेली सर्वांदेखत त्या पोराची सालं काढत. त्यांच्या तालमीतल्या गर्जनांची ध्वनिमुद्रणंसुद्धा बँडवाल्यांत प्रसाद वाटावा तशी फिरत असत. पण त्यांच्या बँडचा सूर विलक्षण स्वच्छ होता, हे मान्य करायलाच हवं. १९६१ साली, शीतयुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकन सरकारनं हाच बँड सोव्हिएत रशियाच्या लांबलचक दौऱ्यावर पाठवला. रेव्हेलींच्या तालमी पचवलेल्या पोरांना क्रेमलिनचं भय वाटण्याचं काही कारण नव्हतं.

"छडी लागे छमछम" या न्यायानं रेव्हेलींची तरफदारी करणारे पुष्कळ आहेत आणि त्यात त्यांचे जुने विद्यार्थीच जास्त आहेत. माझी हरकत वेगळी आहे. पगारी वादकावर ओरडलं तर तो संघटनेकडे जातो. विद्यार्थ्यावर ओरडलं तर तो मास्तर होतो! रेव्हेलींच्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं पुढे शाळाशाळांतून बँडमास्तर झाली. विद्यापीठाचा कंडक्टर नुसता कार्यक्रम करत नाही, तो पुढचे कंडक्टर करतो. त्याचा सूर त्यांच्याबरोबर जातो, तसा त्याचा रागही जातो. मग कुठल्या तरी खेडेगावच्या शाळेत दहा वर्षांचं एखादं पोर ट्रम्पेट हातात धरून थरथरतं, आणि ज्यांचा राग त्याच्या वाट्याला आला त्या रेव्हेलींचं नावही त्याला माहीत नसतं. उतारू उतरून गेला म्हणून हिशेब मिटत नाही, तो इथे वाढत जातो.

दुसऱ्या टोकाला फ्रेडरिक फेनेल. रॉचेस्टर विद्यापीठाच्या ईस्टमन संगीत विद्यालयात हे होते. १९५१ साली काविळीनं इस्पितळात पडले असताना त्यांच्या डोक्यात एक विचार आला. (आमच्यासारख्याला काविळीत उसाच्या रसाखेरीज काही सुचत नाही.) बँडमध्ये एकच ओळ वाजवायला आठ-आठ, दहा-दहा क्लॅरिनेटवाले कशाला? एका ओळीला एक माणूस पुरे! १९५२ साली त्यांनी त्या बेतानं छोटा वाद्यवृंद उभा केला, आणि फुंकवाद्यांच्या दुनियेत खळबळ उडाली. दहाजणांत नुसते गाल फुगवून वेळ मारून नेता येते. एकट्यानं काय लपायचं, आणि कोणामागे? त्यांची ध्वनिमुद्रणं मी ऐकली. प्रत्येक वाद्य पाटावर वेगळं वाढलेल्या पदार्थासारखं चाखता येतं. मास्तरला ओरडावं लागत नाही, कारण चुकणाऱ्याला आपली चूक सगळ्यांच्या आधी ऐकू येते.

एवढं झाल्यावर फेनेलना पहिला नंबर देऊन मी मोकळा होणार होतो. पण आमच्या सौभाग्यवतींनी मोडता घातला. "अहो, एकाला एकच म्हणता, मग उरलेले नऊ क्लॅरिनेटवाले गेले कुठे?" तिच्या कॉलेजच्या समूहगानात ती मागच्या रांगेत आठवी होती, त्यामुळे हा प्रश्न तिला जिव्हाळ्याचा. आणि प्रश्न बिनतोड होता. फेनेलनी निवडक पोरांचं सोनं केलं, पण आधी निवड केली. जे निवडीत बसत नाहीत त्यांचं विद्यापीठानं काय करायचं?

म्हणून मी पुन्हा हार्वर्डला वळलो. तिथे आर्चिबाल्ड डेव्हिसन यांनी १९१२ पासून विद्यार्थ्यांचा ग्ली क्लब, म्हणजे पुरुषांचा गायकवृंद, हाताशी घेतला. हे गायक उद्याचे वकील, डॉक्टर आणि बँकवाले. तोवर बँजो-मेंडोलिनच्या साथीनं खेळकर कॉलेजगीतं म्हणून मजा करायची, असा तिथला रिवाज. डेव्हिसननी त्यांच्यापुढे चक्क पॅलेस्ट्रिना आणि बाख ठेवले. १९१९ साली बँजोवाल्यांशी फारकत झाली. माजी विद्यार्थी खवळले. आपल्या वेळचं कॉलेज बुडालं असं त्यांना वाटलं, जे जगातल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला वाटत असतंच. पण त्या हौशी पोरांनी ते अवघड संगीत असं गायलं, की १९२१ साली ती युरोपच्या दौऱ्यावर गेली. पूलांकसारख्या फ्रेंच संगीतकारानं त्यांच्यासाठी खास रचना केली. फक्त ती निघाली मद्यपानाची, आणि तेव्हा अमेरिकेत दारूबंदी! त्यामुळे हार्वर्डच्या पोरांना ती गाता येईना.

डेव्हिसनना मी पहिला नंबर देतो तो यासाठी. त्यांच्या गाडीतले बहुतेक उतारू पुढे गवई होणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी पोरांच्या हाती सोपं काही दिलं नाही, आणि 'तुम्हाला हे झेपणार नाही' असंही म्हटलं नाही. पुढे कचेरीत बसून आयुष्यभर फायली उपसणाऱ्या माणसाच्या कानात बाखच्या चार ओळी राहिल्या असतील, तर त्याची नोंद कुठल्या वर्तमानपत्राच्या परीक्षणात व्हायची?

आपल्या मुंबईनंही या पंगतीला एक पान मांडलेलं आहे. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढे मँचेस्टर, फिलाडेल्फिया असं व्हायोलिन वाजवत ते १९६४ साली लॉस एंजलिसला, कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद शिकवायला गेले. त्याच वर्षी त्यांनी 'अमेरिकन यूथ सिम्फनी' हा तरुणांचा आणखी एक वृंद काढला आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर पोचेपर्यंत तो चालवला. तिथून उतरलेली मुलं मोठमोठ्या वाद्यवृंदांत जाऊन बसली. मौज म्हणजे त्याच शहरात १९६२ ते १९७८ चिरंजीव झुबिन लॉस एंजलिस फिलहार्मोनिकचे प्रमुख होते. एकाच गावात मुलगा पक्क्या वादकांपुढे, तर बाप दर वर्षी नव्या विशीतल्या पोरांपुढे काडी घेऊन उभा.

हे सगळं मी सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. त्यांनी नेहमीप्रमाणे हिशेबाकडे लक्ष वेधलं. "म्हणजे मुलाच्या वादकांना पगार. आणि वडिलांच्या?"

"त्यांना परीक्षा," मी म्हटलं.