परिच्छेद आणि प्रत्युत्तर : कर्जत-खालापूरच्या कातकऱ्यांच्या वाङ्मयीन चित्राविषयी

जेत्यांनी जितांचे जे चित्र रंगविले, त्याला जितांनी दिलेले उत्तर हा आफ्रिकी वाङ्मयाच्या अभ्यासातील एक मध्यवर्ती विषय होय. चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी 1958 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरीस ओकोंक्वोचे प्रेत झाडाला लटकत असताना जिल्ह्याचा गोरा अधिकारी स्वतःच्या नियोजित ग्रंथाचा विचार करीत असतो, आणि या माणसाला आपल्या ग्रंथात एखादा परिच्छेद देता येईल असे त्याला वाटते. वाचकाने मात्र तोवर ओकोंक्वोचे सारे आयुष्य पाहिलेले असते. संपूर्ण कादंबरी त्या एका परिच्छेदासमोर ठेवणे, हीच अचेबे यांच्या उत्तराची रीत आहे. प्रतिकूल चित्राच्या जागी अनुकूल चित्र बसविण्यापेक्षा ती निराळी आहे. चित्र कोण काढतो आणि कोठे उभा राहून काढतो, हा प्रश्न ती उपस्थित करते. या प्रश्नाच्या कसोटीवर कर्जत आणि खालापूर या तालुक्यांतील कातकरी समाजाविषयीचे लेखन तपासून पाहण्याजोगे आहे.

या समाजाच्या वाट्यालाही असे परिच्छेद आले. जॉन विल्सन यांनी उत्तर कोकणातील वारली व काथोडी यांच्यावर लिहिलेला निबंध 1843 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. पुढे 1882 मध्ये कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. कर्जत त्या वेळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. त्यातील कातकऱ्यांच्या वर्णनात त्यांचे दारिद्र्य, मद्यासक्ती आणि चोरीची सवय या गोष्टी स्वभावधर्म म्हणून नोंदविलेल्या आढळतात. रामाच्या सैन्यातील वानरांपासून आपली उत्पत्ती झाली, ही त्या समाजाची कथाही तेथे येते. परंतु ती एक चमत्कारिक समजूत म्हणून. रामकथेत स्वतःसाठी मानाचे स्थान मागणारी कथा म्हणून तिचे वाचन होत नाही.

या वर्णनातील खरा दोष अनुदार विशेषणांत नाही. तो कार्यकारणाच्या मांडणीत आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा ज्यांचा धंदा आणि ज्यावरून ज्यांचे नाव, त्यांचा खैरावरील हात 1878 च्या जंगल कायद्याच्या सुमारास आखडला गेला. कोळसा पाडणे आणि मजुरी एवढेच उरले. राज्यकर्त्यांच्या धोरणाने जी दुरवस्था वाढविली, तिलाच राज्यकर्त्यांच्या ग्रंथाने जातीचे लक्षण ठरविले. परिणाम कारणाच्या जागी बसला. अचेबे यांनी 1975 च्या व्याख्यानात कॉनरॅडवर घेतलेला आक्षेपही याच जातीचा आहे: तेथे आफ्रिकी माणूस पार्श्वभूमी होतो आणि त्याची वाचा काढून घेतली जाते.

इतिहासाने या परिच्छेदाला एक उत्तर दिलेले आहे. 25 सप्टेंबर 1930 रोजी, आज उरण तालुक्यात असलेल्या चिरनेर येथील जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. तेथील हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी यांचे नाव आहे. जंगलावरील हक्काचा अर्थ ज्याला कळतो आणि त्यासाठी जो प्राण देतो, असा मनुष्य गॅझेटिअरच्या चौकटीत मावत नाही.

मराठी ललित वाङ्मयाने दिलेले उत्तर अधिक गुंतागुंतीचे आहे. कातकऱ्यांच्या शेजारी याच डोंगरपट्ट्यात वसणाऱ्या ठाकरांचे जीवन गो. नी. दांडेकर यांनी 'जैत रे जैत' या कादंबरीत रंगविले. जब्बार पटेल यांनी 1977 मध्ये तिच्यावर चित्रपट केला. ढोल वाजविणारा नाग्या आणि लिंगोबाच्या डोंगरावरील राणीमाशी यांच्या वैरातून दांडेकरांनी आदिवासी नायकाला इच्छाशक्ती, श्रद्धा आणि शोकात्म उंची दिली. गॅझेटिअरने जे नाकारले ते येथे मुक्तहस्ताने परत मिळते, हे या कृतीचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि कथेतील मुख्य संघर्ष माणूस आणि डोंगर यांच्यात आहे. सावकार, जंगलखाते किंवा जमीनमालक यांच्याशी तो नाही. त्यामुळे नायक उदात्त होतो, पण काळाबाहेर राहतो. अचेबे यांच्या ओकोंक्वोला कोर्ट, मिशन आणि तुरुंग यांना सामोरे जावे लागते. हा फरक लेखकांच्या प्रतिभेपेक्षा त्यांच्या उभे राहण्याच्या जागेतून आला आहे.

येथे भाषेचा प्रश्न येतो. न्गुगी वा थिओंगो यांनी इंग्रजी सोडून गिकुयु भाषेत ललित लेखन सुरू केले आणि 1986 च्या 'डिकॉलोनायझिंग द माइंड' या ग्रंथात त्यामागील भूमिका मांडली. कातकरी बोलीच्या संदर्भात इंग्रजीचे स्थान मराठीकडे जाते, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी असली तरी टाळण्याजोगी नाही. वाहरू सोनवणे या भिल्ल कवीची 'स्टेज' ही कविता हीच अस्वस्थता व्यक्त करते. ज्यांचे दुःख ते खाली बसलेले, आणि त्यांचे दुःख त्यांनाच व्यासपीठावरून ऐकविले जाते, असा तिचा आशय आहे. तिचा रोख परकीय राज्यकर्त्यांपेक्षा स्वकीय हितचिंतकांवर आहे.

हा वाद केवळ वाङ्मयीन नाही. डॅनियल बकल्स व राजीव खेडकर यांच्या 'फाइटिंग इव्हिक्शन' (2013) या ग्रंथात रायगड परिसरातील कातकरी वाड्यांच्या जागेचा प्रश्न आला आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाडीत वस्ती, ती जमीन दुसऱ्याच्या नावावर. जमिनीचे भाव चढले की वाडी उठण्याचे भय. अशा वेळी 'हे लोक भटकेच' हे जुने वाक्य निरुपद्रवी राहत नाही. जो भटका ठरला त्याचा गावठाणावरील हक्क आपोआप दुबळा होतो. म्हणूनच वाडीतील माणसांनी आपल्या वस्तीचा इतिहास स्वतः सांगणे हे त्या परिच्छेदाला दिलेले प्रत्युत्तरच होय, मग त्याला कादंबरीचे रूप नसले तरी चालेल.

यावरून संशोधनाची एक दिशा सूचित होते. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून गाणी आणि कथा गोळा करणारा अभ्यासक जर त्यांतून केवळ जातिलक्षणे काढील, तर त्याच्या हातून मराठीत आणखी एक परिच्छेदच लिहिला जाईल. वानरांची कथा कोण, कोणापुढे आणि कशासाठी सांगतो, हे बोलीतील मूळ शब्दांसह नोंदविले, तरच त्या कथेतील मागणी ऐकू येईल. आफ्रिकी कादंबरीने घालून दिलेला धडा अनुकरणापेक्षा या शिस्तीसाठी अधिक उपयुक्त आहे.