टेबलावरचा किल्ला, किल्ल्यातलं टेबल

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाचं सगळं सौंदर्य एका प्रश्नात आहे : 'आता तू काय करतोस?' सूत्रधार प्रसंग उभा करतो, चार-पाच खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात आणि निकाल खरोखर अधांतरी असेल तिथेच वीस बाजूंचा फासा पडतो. महाभारतातल्या द्यूतात फासा म्हणेल ते होतं. इथे आधी माणूस बोलतो, मग फासा. धाडस खेळाडूचं असतं, फासा त्याची फक्त किंमत सांगतो.

हा खेळ जन्मला तोच किल्ल्याच्या पोटात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' अमेरिकेत १९७४ साली छापून आला, पण त्याआधीच त्याचा एक जनक डेव्ह आर्नेसन याचे मित्र त्याच्या कल्पनेतल्या ब्लॅकमूर किल्ल्याखालची भुयारं धुंडाळत होते. दुसरा जनक गॅरी गायगॅक्स यानेही ग्रेहॉक नावाचा असाच किल्ला रचला होता. आर्नेसनने तर टेबलावर किल्ल्याची प्लास्टिकची प्रतिकृती मांडली होती. दिवाळीत मातीच्या बुरुजावर मावळे मांडताना 'शत्रू इकडून आला तर?' म्हणून भांडलेल्यांना त्यातली ओढ समजावून सांगावी लागत नाही.

इंग्लंडात डरहॅमजवळच्या लमली या चौदाव्या शतकातल्या किल्ल्यात या खेळाची काही दिवसांची निवासी शिबिरं भरली आहेत. भिंतींचा थाट मोठा खराच, पण मला तिथला सलग वेळ अधिक मोलाचा वाटतो. आठवड्यातून एकदा बसणारी मंडळी उठली की कथेचा धागा सुटतो. मुक्कामी खेळात पात्र अंगात राहतं. संध्याकाळी अर्धवट राहिलेला तह रात्री जेवताना पुन्हा निघतो, झोपेतही घोळतो, आणि सकाळी जो निर्णय पुढे येतो तो मुरलेला असतो.

आपल्याकडे नळदुर्गजवळच्या जळकोट गावातल्या माणसाला असा किल्ला शोधायला दूर जावं लागत नाही. सोलापूरच्या दिशेने हमरस्त्याला लागलं की नळदुर्ग येतो. हा किल्ला पाहताना मला प्रत्येक वळणावर सूत्रधाराचा हात दिसतो. बोरी नदीचा प्रवाह वळवून तटाभोवती घेतला आहे, म्हणजे चालून येणाऱ्याला पहिला प्रश्न पाण्याचा. समोरच्या रणमंडळ या जोडकिल्ल्यापर्यंत बांध घातला आहे, म्हणजे दुसरा प्रश्न वाटेचा. ती वाट धरावी तर ती थेट तटाच्या माऱ्यात नेते. उंच उपळी बुरुजावरून चौफेर मुलूख दिसतो; तिथल्या पहारेकऱ्याच्या नजरेतून लपायचं कुठे, हा तिसरा. चांगल्या खेळातही असंच असतं. वाटा अनेक, फुकट एकही नाही.

या रचनेचा कळस म्हणजे पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, मीर इमादीनने बांधाच्या पोटातच महाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे बांधावरून कोसळतात, आणि आत उभा असलेला माणूस कोरडा राहतो. खिडकीपुढे पाण्याचा पडदा, कानात त्याचा घोष.

इथे खेळ मांडला आहे असं समजा. सूत्रधार म्हणतो, "जिना उतरून तुम्ही आत आलात. पाण्याच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. पलीकडच्या दालनात दिवा हललाय."

"मी खुणेनं सगळ्यांना थांबवते," एक जण म्हणते.

"दिवा विझलाय. पलीकडच्यांनी तुझी खूण पाहिली का? टाक फासा."

धबधब्याच्या घोषाने इथे बोलणं हिरावून घेतलं आणि त्यातूनच खूण सुचली. एरवी सजावटीपुरतं राहिलं असतं ते पाणी, इथे खेळाचा नियम झालं. खऱ्या वास्तूतून घेतलेला प्रसंग कल्पनेतल्या भुयारापेक्षा सरस ठरतो तो यामुळे. दगड कुणाच्या सोयीसाठी सरकत नाही, म्हणून खेळाडूलाच अधिक कल्पक व्हावं लागतं.

नळदुर्ग जपायची वास्तू आहे, तेव्हा मुक्काम आणि टेबल जळकोटातल्या एखाद्या घरात असावं. दिवसा किल्ला पायांनी वाचावा, पायऱ्या, झरोके, अंतरं मनात साठवावीत, आणि रात्री त्याच वाटांवर पात्रं चालवावीत. आपल्याकडे किल्ला बहुतेक वेळा विजयाच्या गोष्टीतून भेटतो. या खेळात तो निर्णयांच्या गोष्टीतून भेटेल : कुठे थांबायचं, कुणावर विश्वास टाकायचा, कोणता दरवाजा राखायचा. तो बांधणाऱ्यांनीही हेच प्रश्न आधी स्वतःला विचारले असणार. त्यांच्या बुद्धीला दाद द्यायची तर त्या प्रश्नांपुढे आपणही उभं राहून पाहावं.