अबोल कारभारी: गाडीतल्या ‘ऑटो’ बटणाबद्दल

गाडीच्या स्क्रीनवर २२ दिसतं. अमेरिकेत असाल तर ७२. हा आकडा कशाचा, असं कुणालाही विचारा, उत्तर येईल, ‘अर्थात, गाडीतल्या तापमानाचा.’ पण आत्ता आत किती गार आहे ते हा आकडा सांगत नाही. जाळीतून येणारी हवा किती अंशांची आहे तेही नाही. तो तुमचीच मागणी तुम्हाला परत वाचून दाखवतो. हॉटेलात वेटर ऑर्डर परत म्हणून दाखवतो ना, तसं. जेवण कुठवर आलंय, ते त्यात नसतं.

सिनेमाची समीक्षा होते, पुस्तकाची होते, मग एका बटणाची का होऊ नये? परदेशात आपल्यातले बरेच जण दिवसाचा तासभर तरी या ‘ऑटो’च्या सहवासात काढतात. माझं म्हणणं थोडक्यात असं: हे यंत्र बहुतेक वेळा बरोबर वागतं, पण का तसं वागतंय ते कधीच सांगत नाही. त्यामुळे आपण नको तिथे त्याच्याशी भांडतो, आणि जिथे खरंच हस्तक्षेप करायला हवा तिथे गप्प बसतो.

आधी त्याची बाजू समजून घेऊ. १९६४ च्या मॉडेलांत कॅडिलॅकने ‘कम्फर्ट कंट्रोल’ आणलं. एकदा हवं ते तापमान लावायचं, बाकी गार-गरमचं गाडी बघेल, हा करार तेव्हापासूनचा. तो पाळण्यासाठी आजची गाडी बऱ्याच ठिकाणी कान लावून असते. बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर पुढच्या बंपरच्या किंवा जाळीच्या मागे असतो. आतलं तापमान मोजणारा बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळच्या बारीक फटींमागे असतो, आणि तिथून थोडी हवा सतत आत ओढली जाते. ऊन मोजणारा डॅशबोर्डवर काचेजवळ, काळ्या बटणासारखा. शिवाय इंजिनचं पाणी किती तापलंय आणि एसीची गार जाळी किती थंड आहे, हेही त्याला कळत असतं. हे सगळं बघून ते पंख्याचा वेग, हवेची दिशा आणि गार-गरम हवेचं मिश्रण ठरवतं. मिश्रणासाठी आत एक छोटी झडप असते. गाडी सुरू करताना किंवा बंद करताना डॅशबोर्डमधून हलकी टकटक आली, तर बहुधा ही झडप आपली जागा तपासत असते. टकटक थांबेचना, तर मात्र तिची मोटर किंवा दातेरी चाक बिघडलेलं असू शकतं.

आता त्याचे ‘विक्षिप्तपणे’ बघा. मिनेसोटात किंवा टोरांटोत जानेवारीच्या सकाळी तुम्ही २२ लावता आणि पंखा ढिम्म हलत नाही. बिघाड नाही हो. पेट्रोलच्या गाडीत हीटरची उष्णता इंजिनच्या पाण्यातून येते, आणि ते अजून थंड आहे. आत्ता पंखा सोडला तर बर्फाळ हवाच अंगावर येईल, म्हणून ते थांबलंय. उलट दोहा-दुबईत ऑगस्टमध्ये उन्हात उभी असलेली गाडी सुरू केलीत, की पंखा गर्जना करत सुटतो आणि गाडी बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवायला लागते. तेही बरोबरच आहे. आतली हवा एकदा गार व्हायला लागली, की बाहेरची ४५ अंशांची हवा परत परत गार करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. (पहिलं मिनिटभर खिडक्या उघड्या ठेवून कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, हे मात्र तुम्हालाच करावं लागतं.)

हायवेवर सूर्य ढगाआड गेला आणि पंखा हळू झाला, तर तो उन्हाच्या सेन्सरचा हिशोब. इथे आपल्या लोकांसाठी एक खास सूचना: डॅशबोर्डवरचा गणपती कुठे बसवलाय ते बघा. मूर्ती किंवा पार्किंगचा पास त्या काळ्या बटणावर सावली धरत असेल, तर गाडीला बाहेर कायम ढगाळच वाटणार. काही गाड्यांत हेडलाइटसाठी उजेड मोजणारा सेन्सरही त्याच बटणात असतो, मग दिवसाढवळ्या दिवे लागतात. बाप्पाला दोन इंच सरकवलं तर तो रागावणार नाही.

हिवाळ्यात हीटर चालू असताना एसीचा दिवाही लागलेला असतो, तेव्हा ‘पेट्रोल जळतंय, बंद कर’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. पण एसीचं दुसरं काम हवा कोरडी करणं. हवा आधी गार जाळीवरून जाते, तिथे ओलावा पाणी होऊन गळतो, मग ती गरम होऊन काचेवर येते. म्हणून तर काच साफ करायचं बटण दाबलं की एसी आपोआप लागतो. बाहेर गोठणबिंदूच्या आसपास थंडी असेल, तर बहुतेक गाड्यांत दिवा लागलेला असूनही कॉम्प्रेसर चालत नाही. म्हणजे दिवासुद्धा पूर्ण खरं बोलत नाही.

इथवर वाचून वाटेल, यंत्र शहाणं आणि आपण अडाणी. थांबा. विलेट केम्प्टन या संशोधकाने १९८६ मध्ये, मिशिगनमधल्या लोकांशी बोलून, एक प्रसिद्ध निबंध लिहिला. घरातल्या थर्मोस्टॅटबद्दल लोकांच्या मनात दोन चित्रं असतात, असं त्याने दाखवलं. काहींना तो नळासारखा वाटतो: जास्त फिरवला की उष्णता जास्त जोरात येणार. काहींना तो राखणदार वाटतो: ठरलेल्या तापमानाला भट्टी बंद करणार, तोवर तिचा जोर तोच. साध्या चालू-बंद भट्टीच्या घरात दुसरं चित्र बरोबर. डॉन नॉर्मनने १९८८ च्या आपल्या पुस्तकात असंच उदाहरण घेतलं, आणि लोकांच्या गैरसमजाला रचनाही जबाबदार असते हा मुद्दा डिझाइनच्या वर्गांत पोचला.

गाडीत मात्र दोन्ही चित्रं अर्धी-अर्धी खरी आहेत. तापलेल्या गाडीत तुम्ही २२ लावा नाहीतर १८, पहिली काही मिनिटं यंत्र दोन्ही वेळा जवळपास पूर्ण जोर लावतं. १८ ने गाडी लवकर गार होत नाही. फरक नंतर पडतो: २२ वाला पंखा हळू होतो, १८ वाला चालूच राहतो, आणि पंधरा मिनिटांनी कुणीतरी कुडकुडत २५ लावतं. पण तीच कळ अगदी तळाला नेलीत, जिथे आकड्याऐवजी ‘लो’ दिसतं, की बहुतेक गाड्यांत नियमच बदलतो. तिथे हिशोब संपतो आणि जमेल तितकं गार, जमेल तितक्या जोरात, एवढंच उरतं. म्हणजे एकाच कळीच्या मधल्या भागात राखणदार आणि टोकाला नळ. वापरणाऱ्याने कुठलं चित्र मनात धरायचं? हा दोष माझ्या मते रचनेचा आहे, माणसाचा नाही.

यापेक्षा गंभीर प्रश्न वेगळा आहे: हा सगळा हिशोब कुणाच्या सुखासाठी चाललाय?

डेन्मार्कचे पी. ओ. फँगर यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात माणसाला गार-गरम वाटण्यामागचे सहा घटक एका समीकरणात बांधले: हवेचं तापमान, आजूबाजूच्या पृष्ठभागांची उष्णता, वारा, दमटपणा, शरीराची हालचाल आणि अंगावरचे कपडे. त्यांच्या हिशोबात सगळं अगदी जुळलं तरी शंभरातले पाच जण नाराजच राहतात. समीकरण उभं राहिलं ते मुख्यतः कॉलेजवयीन तरुणांवरच्या प्रयोगांतून. आता तुमची गाडी बघा. पहिले तीन-चार घटक ती मोजते किंवा अंदाजाने धरते. तुम्ही जाड जॅकेट घातलंय की सुती कुडता, हे तिला दिसत नाही. आणि आतलं तापमान ती मोजते ते पुढे, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ.

मागे कोण बसलंय? उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबा. विमानतळावरून घरी येताना आजी खिडकीशी, सुती साडीत, पायात चपला. पुढे उन्हात बसलेल्या तुम्हाला २१ छान वाटतंय. मागे सावलीत, दोन सीटांमधल्या जाळीतून गार झोत थेट तिच्या गुडघ्यांवर येतोय. तुम्ही विचारता, ‘आजी, गार वाटतंय का गं?’ ती म्हणते, ‘असू दे, मी बरी आहे.’ आणि पदर खांद्यावरून ओढून घेते. आपल्या घरांतली ही भाषा तुम्हाला कळते, सेन्सरला कळत नाही. मागे तोंड करून बसवलेल्या तान्ह्या बाळाचंही तसंच. त्याच्यावर ऊन येतंय की झोत, हे ना यंत्राला दिसतं ना आरशाशिवाय तुम्हाला. पुण्या-मुंबईचा टॅक्सीवाला ‘एसी कमी करू का?’ असं मागे वळून विचारतो. एवढ्या सेन्सरांची गाडी ते विचारत नाही. काही महागड्या गाड्यांत मागच्यांसाठी वेगळी कळ असते खरी, पण बाकीच्यांत मागची माणसं हिशोबाबाहेरच राहतात.

म्हणून माझी मुख्य तक्रार त्या गप्प बसण्याची. आजची स्क्रीन गाण्याचं नाव दाखवते, चारही टायरांतली हवा दाखवते. मग ‘इंजिन तापायची वाट बघतोय’ किंवा ‘काचेवर वाफ धरेल म्हणून एसी चालू’ एवढी एक ओळ दाखवायला काय हरकत आहे? कारणं यंत्राकडे आहेतच, त्यांच्या आधारेच ते निर्णय घेतं. काही नव्या गाड्यांनी तर हवेची दिशा वळवायची साधी पट्टीसुद्धा स्क्रीनच्या पोटात नेली. आजीच्या गुडघ्यांवरचा झोत वळवायला चालत्या गाडीत मेन्यू शोधायचा, ही काही सुधारणा नव्हे. इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनची फुकट उष्णता नसते. हीटर बॅटरीतूनच खातो, आणि आकडा दोन अंशांनी वाढवला तर थंडीत किती मैल जातील हे कळणं ही गरज होते.

तोवर आपण काय करायचं? ऑटो लावा आणि दहा मिनिटं त्याच्या वाटेला जाऊ नका. मग बदल करायचा तर एका अंशाने करा आणि थांबा. काचेवर वाफ धरली तर फडकं घेऊन पुसत बसू नका: आतली हवा फिरवणारं बटण बंद, एसी चालू, झोत काचेवर. धुरकट काचेतून मोटरवेवर गाडी हाकणं हा यातला खरा धोका आहे, आणि तिथे ऑटोची वाट बघायची नसते. वर्षातून एकदा स्टिअरिंगजवळच्या त्या फटींवरची धूळ झटका आणि केबिन फिल्टर बघा. एसी बिघडलाय म्हणून गॅरेजात पैसे मोजायच्या आधी हे फुकटात होतं.

आणि मागे कुणी बसलं असेल तर ‘गार वाटतंय का?’ असं विचारू नका, उत्तर तुम्हाला माहीत आहे. मधली जाळी वर वळवा, मागे एक शाल ठेवा, आणि कारभार दोन अंशांनी वर न्या. पुढे तुम्हाला थोडं उकडेल. चालतंय.