विरहाचे गाणे : बाबेल, किंग्स्टन, लालबाग

स्तोत्रसंहितेतील १३७ वे स्तोत्र हे परागंदा झालेल्यांचे गाणे. बोनी एम् या वाद्यवृंदाने १९७८ साली ते नाचण्याजोगे केले आणि आपल्या लग्नसमारंभांतून आपण त्यावर पुष्कळ नाचलोही. परंतु त्याचे मूळ रूप जमैकातील 'द मेलोडियन्स' या त्रयीचे, १९७० सालचे. ते संथ आहे. खांद्यावर हात टाकून तिघांनी चालावे तसे तीन स्वर चालतात; कोणालाच पुढे जाण्याची घाई नाही. रास्ताफारी पंथीयांच्या लेखी बाबेल म्हणजे गुलाम करणारी सत्ता आणि सियोन म्हणजे आफ्रिका, हे ठाऊक नसलेल्यालाही त्या संथपणातले दुखणे कळते.

परळ-लालबागला हा समूहस्वर परका नाही. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. शाहीर पुढे, झीलकरी मागे. पण झील धरली गेली नाही तर शाहिराचे गाणे अर्ध्यावरच पडते. (अमर शेखांच्या पहाडी आवाजाची थोरवी सर्वच सांगतात, झीलकऱ्यांची नावे क्वचितच कोणी घेतो.)

अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. प्रारंभी ती पोटासाठी मुंबईस आलेल्या कष्टकऱ्याची विरहव्यथा वाटते : मागे राहिलेल्या कारभारणीचे रूप, निरोपाची घटका, मुंबईचा झगमगाट आणि तिथले दैन्य. मग नकळत ती मैना म्हणजेच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव होऊन जाते. एकाचे दुःख सर्वांचे होते, ते या वळणावर. स्तोत्रकर्त्याचे यरुशलेमही असेच आहे. ते नगर की जिवलग, हे सांगता येत नाही.

फरक आहे तो शेवटात. स्तोत्राच्या अंतिम ओळींत सूडाची भाषा आहे, इतकी भीषण की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सुधारलेल्या दैनंदिन प्रार्थनाग्रंथातून ख्रिस्तसभेने त्या वगळल्या. मेलोडियन्सनीही त्या गाळल्या व १९ व्या स्तोत्रातील विनवणी घेतली. मला ती विनवणी किंचित लवकर आल्यासारखी वाटते. दुःख पुरते सांगून होण्याआधीच हात जोडले जातात. अण्णा भाऊ असा दिलासा देत नाहीत. लढाई अजून उरली आहे, एवढे बजावून ते थांबतात. मुंबई १ मे १९६० रोजी महाराष्ट्राची झाली. बेळगाव, कारवार आजही कर्नाटकात आहेत, आणि डांग, उंबरगाव गुजरातेत.