ग्राफ्स्खापचें पत्र

‘क्लासिस’ म्हणजे एका टापूंतील ख्रिस्ती मंडळ्यांची अधिकारी सभा. मिशिगनमधील डच वसाहतीच्या अशा सभेचें १८४८ ते १८५८ पर्यंतचें इतिवृत्त मुळांत डच भाषेंत असून, त्याचें इंग्रजी भाषांतर १९५० सालीं ग्रंथरूपानें निघालें. १८५७ सालीं ज्या दोन पक्षांत फूट पडली, त्या दोहोंच्या वारसांनीं संयुक्त समिती करून तें सिद्ध केलें. आमच्याकडील दप्तरें वांटून घेऊन भांडणाऱ्या घराण्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

ग्रंथांतील मोलाचा कागद म्हणजे ग्राफ्स्खाप या खेड्याच्या मंडळीचें पत्र. हॉलंड शहराच्या दक्षिणेस १८४७ सालीं वसलेल्या या खेड्याचें नांव बेंटहाइम परगण्याच्या स्मरणार्थ पडलें. तो परगणा त्या काळीं हानोव्हरच्या राज्यांत होता. तेव्हां या चर्चचे संस्थापक सरसहा ‘डच’ म्हणून नोंदण्यापूर्वीं थांबावें. उपासनेची भाषा मात्र डचच होती.

१८५० सालीं व्हान राल्टे यांच्या पुढाकारानें ही वसाहत अमेरिकेंतील जुन्या रिफॉर्म्ड चर्चला जोडली गेली. ता. ८ एप्रिल १८५७ रोजीं क्लासिसपुढें फारकतीचीं चार पत्रें आलीं, त्यांत हें एक. तक्रारी अशा : आठशें गीतांचा संग्रह उपासनेंत घेतला; प्रभुभोजनास रोमन कॅथॉलिक सोडून सर्वांस बोलावितात; प्रश्नोत्तरीवरील प्रवचनें व घरभेटी टाळितात. परंतु सर्वांत मोठें दुःख पत्रांत निराळेंच सांगितलें आहे. १८३४ सालीं डे कॉक यांच्यामागें जे नेदरलंड्सच्या राजमान्य चर्चांतून बाहेर पडले, त्यांचें तें करणें अनावश्यक होतें असें मानणारे लोक आतां आपल्यांतच आहेत, हें तें दुःख. ‘गाण्यांवरून भांडण झालें’ असें सांगणाऱ्यांनीं पहिलें कलम वाचूनच पत्र मिटलें असावें! अखेरीस पत्रकर्ते वायकॉफ यांच्या अहवालाचा आधार घेतात. १८४९ सालीं वसाहतीस भेट देऊन त्यांनीं, हें नातें धर्महितास बाधक वाटल्यास सोडण्याची मोकळीक नमूद केली होती. खेड्यांतील माणसांनीं लेखी आधार दाखवावा, हें आम्हांस विशेष वाटतें.

ग्रंथाचा दोष एकच, पण मोठा : मूळ डच पाठ सोबत नाहीं. ‘सेसेशन’ हा एकच इंग्रजी शब्द १८३४ व १८५७ या दोन्ही घटनांस लावितात. पण निघून जाणाऱ्यांच्या लेखीं दुसरी घटना म्हणजे पूर्वस्थितीस परतणें होतें. कोणाच्या तोंडीं कोणता शब्द होता हें मूळ पाठाविना कसें ठरावें? शिवाय हीं पत्रें प्रतिपक्षाच्या वहींतून आलेलीं आहेत.

चार पत्रांपैकीं एकाचे लेखक क्लाइन कांहीं महिन्यांतच क्लासिसकडे परतले. ग्राफ्स्खाप परतलें नाहीं.