माइकपुढे 'शुद्ध' कोण?

व्हॉइसओव्हरच्या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींना दोन उपदेश हमखास ऐकावे लागतात. पहिला, आवाज ठीक आहे, पण उच्चार शुद्ध करा. दुसरा, तुमच्या नैसर्गिक आवाजात बोला. हे दोन्ही उपदेश बहुधा एकाच माणसाकडून, एकाच बैठकीत मिळतात आणि त्यांतली विसंगती त्याच्या ध्यानातही येत नाही. कारण ज्याचा घरचा उच्चार आधीच 'शुद्ध' ठरलेला आहे, त्याला नैसर्गिक बोलणे आणि शुद्ध बोलणे या दोन गोष्टी कधी वेगळ्या दिसलेल्याच नाहीत. आपल्या मुलाला मात्र त्याच क्षणी कळते की निसर्गालाही येथे जात आहे.

हा प्रश्न केवळ पोटापाण्याचा नाही. पोटापाण्याचा आहेच, आणि तो क्षुद्र मानण्याचे कारण नाही. जाहिराती, माहितीपट, मराठीत डब होणारे चित्रपट, शाळेचे ध्वनिमुद्रित धडे अशा अनेक ठिकाणी आज आवाजाला दाम मिळतो. पण 2017 साली स्टोरीटेलसारखी ध्वनिपुस्तकांची सेवा भारतात आली आणि मराठी पुस्तकेही मोठ्या प्रमाणावर कानांनी वाचली जाऊ लागली, तेव्हापासून हा साहित्याचाही प्रश्न झाला आहे. दलित साहित्य उद्या ज्यांच्या कानांवर पडेल त्यांच्यापर्यंत ते कोणाच्या आवाजात पोहोचणार? आपली समीक्षा आशय, प्रतिमा, बांधिलकी यांवर पुष्कळ बोलली आहे. मोठ्याने वाचलेल्या वाक्यावर ती फारशी बोललेली नाही.

प्रथम या 'शुद्ध' उच्चाराची झडती घेऊ. प्रस्थापितांचा समज असा की शुद्ध उच्चार ग्रंथातून आला आणि अशुद्ध उच्चार वस्तीतून. मराठी लिपीच या समजाविरुद्ध साक्ष देते. 'जग' हा शब्द दुनिया या अर्थाने उच्चारा, आणि मग 'तू जग' असे म्हणा. अक्षर एकच, पण पहिला ज तालव्य, दुसरा दंततालव्य. 'चहा' आणि 'चांगला' यांतल्या च-चेही तसेच. हा भेद लिपी दाखवीत नाही, बाराखडी शिकवीत नाही. मग तो 'शुद्ध' बोलणाऱ्याला कोठून मिळाला? आईच्या तोंडून मिळाला. 'करतो' हा शब्द लिहिल्याप्रमाणे र पूर्ण उच्चारून कोणीही बोलत नाही, पुण्याच्या पेठांतही नाही. म्हणजे प्रमाण उच्चार हीदेखील एक घरची बोली आहे. त्या घराकडे शाळा, रेडिओ आणि छापखाना होता, एवढाच फरक. वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो, मोठ्या मुलखात 'पाणी'चे 'पानी' होते, आणि ते काही एकट्या दलितांच्या तोंडी होत नाही. बहुजनांच्या कितीतरी जाती असेच बोलतात. तरी ण आणि न यांच्यावरून माणसाची जात हुंगण्याची खोड या महाराष्ट्रात अद्याप गेलेली नाही. पाणवठ्यावरचे पाणी कायद्याने मोकळे झाले. पाण्यातला ण अजून राखीव आहे.

याचा अर्थ नवशिक्याने प्रमाण उच्चार शिकूच नये असा मी मुळीच करीत नाही. शिकावा. माहितीपटाचे काम मागायला जाणाऱ्याला तो हत्यारासारखा वापरता आला पाहिजे. पण हत्यार हातात धरावयाचे असते, त्याने आपली जीभ कापून घ्यावयाची नसते. प्रमाण उच्चार येणे हे कौशल्य आहे. तो आल्यावरच आपला आवाज सापडला असे मानणे ही मात्र गुलामी आहे.

येथे शरीराविषयी थोडे बोलावे लागेल, कारण आवाज ही शेवटी श्वासाची आणि मांसाची गोष्ट आहे. नवशिका आपले पहिले ध्वनिमुद्रण ऐकतो आणि दचकतो. हा पातळ, परका आवाज माझा? त्याचे कारण साधे आहे. बोलताना आपण स्वतःला हवेतून ऐकतो, तसेच कवटीच्या हाडांतूनही ऐकतो. हाडांतून खालचे, भरदार स्वर अधिक पोहोचतात. ध्वनिमुद्रणात ही हाडांची वाट नसते. तेव्हा यंत्रातला आवाज खोटा नसतो. जग आपल्याला तसेच ऐकत आलेले असते. पण ज्याला लहानपणापासून आपल्या बोलण्याची लाज वाटावयास लावले आहे, तो या दचक्याचा अर्थ आपल्या जन्माशी जोडतो. मग तो घसा दाबून आवाज खाली ढकलतो, माइकला ओठ लावतो. एका दिशेने ऐकणारे माइक जवळून बोलल्यास खालचे स्वर फुगवतात, त्यामुळे त्याला वाटते की भारदस्तपणा आला. थोड्याच वेळात घसा बसतो, आणि भ, फ, ध यांच्या हवेचे फटके मुद्रणात ऐकू येऊ लागतात.

यावर आवाजाचे शिक्षक एक जुनी युक्ती सांगतात, ती खरोखर उपयोगी आहे. कोणी बोलत असताना आपण सहज 'हं, हं' असा होकार भरतो. त्या हुंकाराची पट्टी बहुधा आपल्या घशाला सर्वांत कमी कष्टाची असते. तेथूनच वाचावयास सुरुवात करावी. माइक तोंडापासून वीतभर दूर, किंचित बाजूला. माझी यात एक भर आहे. वर्तमानपत्रातली एक बातमी मोबाइलवर वाचून मुद्रित करावी. मग तीच बातमी कागद बाजूला ठेवून आईला सांगावी आणि तेही मुद्रित करावे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकावे. पहिल्यात शाळेतल्या मास्तरांसमोर उभा असलेला मुलगा ऐकू येतो, दुसऱ्यात माणूस. व्हॉइसओव्हरला तो दुसरा हवा असतो. शब्द प्रमाण राहिले तरी चालेल. चाल, विसावा, कोठे थांबावे आणि कोठे घाई करावी, हे त्या दुसऱ्याचे हवे.

आणि श्वास. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते, नकारही शेवटी येतो. नवशिक्याचा श्वास वाक्याच्या मध्यावर संपतो आणि शेवटचे दोन शब्द घशात विरतात. 'त्यांनी आम्हांला देवळात जाऊ दिले नाही' या वाक्यातला 'नाही'च जर ऐकू आला नाही, तर राहिले काय? नकार हे ज्या साहित्याचे मूळ मूल्य आहे, ते वाचणाऱ्याने शेवटच्या शब्दासाठी श्वास राखून ठेवावयास शिकलेच पाहिजे. हे मी उपमा म्हणून लिहीत नाही. तालीम म्हणून लिहितो आहे.

आता आपल्याकडचा दोषही पाहावयास हवा. चळवळीत वाढलेल्या मुलाचा दुसरा उसना आवाज सभेचा असतो. जलशांनी आणि शाहिरांनी जो आवाज घडवला, तो ध्वनिक्षेपक नसताना किंवा असून नसल्यासारखा असताना मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी घडवला. स्वर ताणणे, ओळ पुन्हा घेणे, मागे साथीदारांचा झील, हे सारे त्या मैदानाच्या गरजेतून आले. वामनदादा कर्डकांसारख्या कवीने (1922-2004) गावोगाव हिंडून असाच आवाज पोहोचवला. पण माइक वीतभर अंतरावर असताना त्याच तऱ्हेने बोलणे म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाच्या कानात घोषणा देणे होय. बाबासाहेबांची 1955 सालची बीबीसीची मुलाखत आज सहज ऐकावयास मिळते. अफाट जनसमुदायापुढे बोललेला हा माणूस तेथे समोरच्या एका माणसाशी बोलतो, आणि इंग्रजीत बोलतानाही बीबीसीच्या निवेदकाची नक्कल करीत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी ती मजकुरासाठी ऐकली असेलच. एकदा केवळ आवाजासाठी ऐकावी.

तिसरा सापळा सर्वांत फसवा. आपल्या मुलाला काम मिळतेही, पण कोणते? डबिंगमध्ये घरगडी, दारुडा, विनोदी हवालदार, गावचा गुंड. तेथे त्याला सांगतात, जरा गावरान काढ. म्हणजे ज्या बोलीसाठी सकाळी हाकलले, तीच बोली दुपारी विदूषकाच्या तोंडी भाड्याने घेतली जाते. निवेदक मात्र प्रमाण भाषेचा. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतही बोलीला हीच जागा आहे: पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावी. नियम उदार वाटतो. पण त्यामागची व्यवस्था पाहा, बोली अवतरणचिन्हांच्या आत, निवेदन बाहेर. गावकुसाची आठवण कोणाला झाली तर तिला मी जबाबदार नाही.

दलित आत्मकथनांनी ही रचना कागदावर केव्हाच मोडली आहे. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवारांनाच सांगतो. एकाच माणसाचे दोन आवाज: एक शिकलेला, शहरात वावरणारा, दुसरा मागे राहिलेला आणि तरी सोबत चालणारा. हे पुस्तक एकाच गुळगुळीत निवेदकी आवाजात वाचले तर दगडू मरतो. दगडूला ठसकेबाज ग्रामीण नट केले तर दया पवारांची हसण्यावारी होते. दोन्ही आवाज एकाच घशाचे आहेत हे ऐकू आले पाहिजे, आणि हे काम तोच करू शकेल ज्याने प्रमाण आणि बोली यांच्यामधले अंतर रोज चालून काढले आहे. तेथे आपल्या नवशिक्याची कथित उणीव हीच त्याची पात्रता ठरते. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (1980) बोली अवतरणांपुरती थांबत नाही, निवेदनातच शिरते. ती 'शुद्ध' करून वाचणे म्हणजे पुस्तकाचे भाषांतर करणे, तेही लेखकाला न विचारता.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'चा (1986) प्रश्न आणखी वेगळा आहे. हे पुस्तक त्यांनी घरच्यांपासून लपवून, दुकानात बसून लिहिले. आणि त्याचे नावच 'आमुचं' असे अनेकवचनी आहे. आजच्या ध्वनिपुस्तकांत कानाशी कुजबुजणारा, हळवा, 'मी तुम्हांला माझे दुःख सांगते' असा एक सूर रूढ होऊ पाहतो आहे. तो सूर या पुस्तकाला लावला तर एका समूहाचा जबाब एका बाईचे रडगाणे होऊन बसेल. येथे आवाज बोलका हवा, जवळचा हवा, पण एकटा नको. ओट्यावर चार बायका बसल्या असताना एक सांगते आणि बाकीच्या हुंकार भरतात, तशी त्याची ठेवण हवी. ते हुंकार मुद्रणात नसतील. वाचणारीला ते ऐकू येत असले पाहिजेत, आणि त्यांच्यासाठी तिने जागा सोडली पाहिजे.

मग दलितेतरांनी ही पुस्तके वाचू नयेत काय? हा प्रश्न कोणीतरी विचारीलच. वाचावीत, जन्माचा दाखला मागून माइक देण्याची प्रथा आपण सुरू करू नये. मात्र निवड करणाऱ्याने चाचणीसाठी उतारा देताना पात्रांच्या संवादाचा देऊ नये, निवेदनाचा द्यावा. बोलीची नक्कल कोणालाही महिनाभरात साधते. निवेदन कोणत्या जागेवर उभे राहून केले जात आहे, ते दोन मिनिटांत कळते. आणि यंत्रेच आता बऱ्यापैकी प्रमाण मराठी बोलू लागली आहेत, हेही नवशिक्याने लक्षात घ्यावे. उसना, डाग नसलेला निवेदकी आवाज यंत्राला सर्वांत आधी जमला आहे. ज्या आवाजासाठी आपल्या मुलांना वर्षानुवर्षे आरशापुढे उभे केले, त्याचा बाजारभाव पुढे काय राहील ते दिसतेच आहे.

तेव्हा तूर्त महाविद्यालयांतील आपल्या मंडळांनी एवढे करावे. वक्तृत्वाच्या स्पर्धा थोड्या कमी करून एखादे आत्मकथन पाचसहा जणांनी वाटून घ्यावे, मोबाइलवर मुद्रित करावे, आणि वस्तीतल्या वाचता न येणाऱ्या माणसांना ऐकवावे. त्यांना मत विचारू नये. ती कोठे हसली, कोठे 'हो ना' म्हणाली, कोठे उठून गेली, एवढेच टिपून ठेवावे. उठून गेली ते पान दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावे.